तर्री जास्त झाली तर इंग्रजीत काय म्हणायचं?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून मोकळी झाले होते की "टू गुड" हे कौतुक म्हणून वापरू नका, आणि त्या एका ओळीवर जेवढं ऐकून घ्यावं लागलं तेवढं ३१ वर्षांच्या ट्यूशनमधे कोणा पोट्ट्याच्या आईकडूनही ऐकलं नव्हतं. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम "जास्त झालं" या एकाच भानगडीवर. पत्रं थोडी कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न: मॅडम, मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. आमचा अमेरिकन क्लायंट आठवडाभर नागपूरला होता, त्याला सावजी खाऊ घातलं, दीक्षाभूमी दाखवली, फुटाळ्यावर नेलं. परत गेल्यावर त्याचा मेल आला, यू वेअर टू काइंड. मी उत्तर दिलं की तुमच्यासोबत काम करणं टू नाइस होतं आणि तुमचा फीडबॅक टू मच होता. मॅनेजरनं बोलावून विचारलं, भांडण झालं का बे तुमचं? आता सांगा, त्याचं टू चालते अन् माझं टू काऊन नाही चालत? (मनीषनगरचे एक वाचक)

उत्तर: अरे बाबा, यात तुझा दोष अर्धाच आहे, अर्धा आपल्या "फार" या शब्दाचा आहे. आपण "फार छान" म्हणतो आणि "मीठ फार झालं" पण म्हणतो. शब्द तोच, पण पहिल्यात कौतुक अन् दुसऱ्यात स्वयंपाक करणारीला टोमणा. इंग्रजीत ही दोन कामं दोघांना वाटून दिलीयेत, पहिलं व्हेरीकडे आणि दुसरं टूकडे. व्हेरी नुसतं वर नेतं. टू वर नेतं आणि तिथं नेऊन तक्रार करतं, त्याच्या मागे कायम एक "म्हणून जमत नाही" लपलेलं असतं. चहा व्हेरी हॉट आहे म्हणजे फुंकून प्या, टू हॉट आहे म्हणजे पिताच येत नाही, ठेवा बाजूला. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्याकडे जे असतं ते टू हॉट, कारण बाहेर पडायचं कॅन्सल होतं.

मी पोरांना एक युक्ती सांगायचे, ती अजून कुठं फसलेली पाहिली नाही. आपल्या वाक्यात "झालं" बसतं का बघा. तर्री लाल आहे, तर्री तिखट आहे, इथं व्हेरी. तर्री जास्त झाली, तिखट झाली, पोहे त्यात पोहून राहिले, इथं टू. मराठीत तक्रार "फार" मधे नसतेच, ती त्या "झालं" मधे असते. तुझ्या मेलमधलं "फीडबॅक टू मच" त्या गोऱ्याला असं ऐकू गेलं असणार की बाबा तुझ्या सूचनांनी डोकं उठलं आमचं.

मग त्याचं टू काइंड? ती पण तक्रारच, पण स्वतःच्या विरोधात. माझी एवढी लायकी नव्हती तेवढं केलंत, असा तो भाव. आपण नाही का पाहुणचार घेताना "अहो कशाला एवढं केलं" म्हणतो आणि ताट पुढेच असतं, तसंच. पण हे सगळ्या शब्दांसोबत होत नाही, काइंड आणि जनरस सोबत हमखास होतं. टू नाइस म्हटलं की अति गोड, ज्याच्या गोडव्याचा संशय यावा असा माणूस. आणखी एक खोडी, नकारात टू परत साधं होतं, "नॉट टू बॅड" म्हणजे बरं आहे, ठीकठाक, "आय ॲम नॉट टू शुअर" म्हणजे मला नक्की माहीत नाही. आणि ओन्ली टू हॅपी म्हणजे तर अगदी आनंदानं.

टू गुड बद्दल मी माझी मागची ओळ अर्धी मागे घेते. आपसात, मित्रामित्रांत, बर्डीवर गोलगप्पे खाताना खुशाल म्हणा टू गुड यार, इथं सगळ्यांना कळतं. बाहेरच्या मेलमधे नको. तिकडं टू गुड म्हटलं की पुढं काय खोट आहे याची ते वाट बघतात.

प्रश्न: आमचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहाराचा माल एकदम कळमन्याला आला की इंग्रजी पेपरात येते संत्र्याचा ग्लट. पोरगी कॉलेजात आहे, ते म्हणते प्लेथोरा लिहिलं तरी चालते, मी म्हणतो सरप्लस, जावई म्हणतो सर्फिट. घरात चार लोकं अन् चार शब्द. कोणाचं बरोबर? (काटोल तालुक्यातले एक बागायतदार)

उत्तर: काका, पेपरवाल्याचं बरोबर आहे, आणि बाकी तिघांचे शब्द चुकीचे नाहीत, चुकीच्या जागी आहेत. असा शब्द निवडताना मी किती जास्त झालं हे बघत नाही, जास्त झाल्याचा त्रास कोणाला झाला ते बघते.

ग्लटमधे त्रास विकणाऱ्याला. हा शब्द लॅटिनमधल्या गिळण्याच्या क्रियापदावरून आलाय, ग्लटन म्हणजे खादाड हा त्याचाच भाऊ. म्हणजे बाजारानं गिळलं, गिळलं, गळ्यापर्यंत आलं आणि आता तोंड मिटलं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय टॅग मिळाला, नाव मोठं झालं, पण तोडणी एकाच वेळी आली आणि कळमन्याबाहेर गाड्यांची लाइन लागली की त्या टॅगला कोणी विचारत नाही, भाव पडतोच. ते पडणं ग्लट या शब्दात आतच आहे, वेगळं सांगावं लागत नाही. खाणारा मात्र खूश असतो, चौकाचौकात ढीग, घ्या हो घ्या. म्हणून खाणाऱ्याच्या तोंडी ग्लट फारसा येत नाही, तो विकणाऱ्याच्या, नाहीतर बाजाराची बातमी लिहिणाऱ्याच्या तोंडचा शब्द.

सरप्लस हा शांत, हिशेबी शब्द. खर्च जाऊन उरलं, ठेवता येतं, पुढं वापरता येतं. बजेटमधे सरप्लस असला तर अर्थमंत्री हसतो. संत्रं ठेवता येत नाही हीच तर तुमची अडचण, म्हणून सरप्लस तिथं जरा भोळा वाटतो. (शाळेतल्या लोकांना तो भोळा वाटणार नाही हे मला माहीत आहे. पटसंख्या कमी झाली आणि यादीत आपलं नाव सरप्लस म्हणून लागलं की काय होतं ते स्टाफरूममधे बसलेल्यालाच कळते.)

प्लेथोराची गंमत अशी की तो मुळात दवाखान्यातला शब्द. ग्रीकमधे त्याचा अर्थ भरलेपणा, आणि जुने वैद्य अंगात रक्त जास्त झालं या दुखण्याला हे नाव द्यायचे, मग काय, शीर कापा, जळवा लावा. म्हणजे जन्मानं हा तक्रारीचाच शब्द आहे, पण आता वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की लोक नुसतं "रेलचेल" म्हणून लिहितात. मुलीनं निबंधात लिहिला तर चालेल, पण तिला सांगा की जिथं साधं मेनी चालतं तिथं प्लेथोरा घालणं म्हणजे पोह्यावर काजू.

आणि जावयाचा सर्फिट. यात त्रास खाणाऱ्याला. एवढं खाल्लं की आता नकोसं झालं, शिसारी आली. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ११३५ साली नॉर्मंडीत वारला, वैद्यानं नको म्हटलेलं असताना लॅम्प्री नावाचे माशासारखे प्राणी खाल्ले आणि दुखणं लागलं असं त्या काळच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय, आणि तिकडच्या पोरांना आजही "सर्फिट ऑफ लॅम्प्रीज" एवढाच तो राजा आठवतो. बिचाऱ्यानं ३५ वर्षं राज्य केलं. तर संत्र्याचा ग्लट कळमन्यात होतो आणि सर्फिट तुमच्या जावयाला होतो, सासुरवाडीला येऊन बसल्या बैठकीत १५ संत्री सोलली की. पहिल्यात भाव उतरतो, दुसऱ्यात मन.

प्रश्न: माझे दीर इंग्लंडमधे असतात. त्यांनी मेसेज केला की ते कंपनीत मेड रिडंडंट झाले. सासूबाईंना ते मेड मॅनेजर सारखं वाटलं आणि त्यांनी शेजारी पेढे वाटले. नंतर खरं कळलं तेव्हापासून त्या बिल्डिंगच्या खाली उतरत नाहीयेत. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि हा एवढा लाजिरवाणा आहे का? (अंबाझरी लेआउटच्या एक वाचक)

उत्तर: सासूबाईंना आधी सांगा की लाज वाटण्यासारखं काहीही नाही. ब्रिटनमधे रिडंडंट म्हणजे माणूस वाईट निघाला असं नाही, ती जागाच कंपनीला नको झाली. चुकीसाठी काढतात त्याला वेगळा शब्द आहे, सॅक्ड किंवा फायर्ड. आणि एका मालकाकडे सलग दोन वर्षं नोकरी झालेली असली तर तिकडच्या कायद्यानं रिडंडन्सी पे मिळतो. पेढे परत मागायला जाऊ नका म्हणावं.

शब्दाचं मूळ तुमच्या लेआउटमधल्या माणसाला जास्त लवकर कळेल. लॅटिनमधे उंडा म्हणजे लाट. लाट भरून काठाबाहेर सांडते ते रिडंडंट. त्याच लाटेची बाकी पोरं म्हणजे अबंडन्स, भरपूर, सुखाचं, आणि इनंडेट, बुडवून टाकणं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली आणि तळमजल्यावरचे फ्रिज तरंगले, त्या दिवशीच्या बातम्यांमधे हाच इनंडेटेड होता. आणि आता ऑफिसातला माणूस म्हणतो आय ॲम इनंडेटेड विथ ईमेल्स. असो, ज्याचं त्याचं पाणी.

इंजिनियर लोकांपुढे मात्र रिडंडन्सीला वाईट बोलू नका. विमानात एकाच कामाला दोन-तीन सिस्टीम ठेवतात, एक बंद पडली तर दुसरी, तिथं जास्तीचं असणं हाच जीव वाचवायचा उपाय. भाषेत मात्र ती खोट समजतात, एटीएम मशीन म्हटलं तर शेवटच्या एम मधे मशीन आधीच बसलेली असते. आपल्याकडे पिवळा पीतांबर आहेच की.

याच खानदानातला सुपरफ्लुअस, त्याबद्दल दोघांनी विचारलंय. सुपर म्हणजे वरून, फ्लुअस म्हणजे वाहणारं. वाजवीपेक्षा जास्त वाहणं. तुकडे जोडून शब्दशः मराठी केलं तर अतिसार होतो, म्हणून भाषांतर करताना जपून.

प्रश्न: लॉ कॉलेजला आहे. एक्सेस म्हणजे जास्तीचं हे समजलं, एक्सेस बॅगेज वगैरे. पण इमर्जन्सी एक्सेसेस असं वाचलं, तिथं काय जास्तीचं होतं? (एक विद्यार्थिनी, सिव्हिल लाइन्स)

उत्तर: अनेकवचन झालं की हा शब्द एकदम पोलिसी होतो. एक्सेस म्हणजे मर्यादेच्या पुढं गेलेलं, विमानतळावर वजनकाट्यावर पैसे भरून सुटता येतं. एक्सेसेस म्हणजे सत्ता हातात असलेल्यानं मर्यादा सोडून केलेली कृत्यं. १९७७ साली नेमलेल्या शहा कमिशनला आणीबाणीतल्या अशाच एक्सेसेसची चौकशी करायची होती. याला मराठी शब्द शोधत बसू नकोस, अत्याचार बघ ना नीट, अति अधिक आचार. आपल्या आणि त्यांच्या भाषेनं न ठरवता एकच रस्ता धरलाय. अतिरेकी पण तिथलाच.

प्रश्न: ओटीटी म्हणजे सिरीज बघायचं ॲप की नाटकीपणा? मुलगी माझ्या लग्नातल्या साडीला ओटीटी म्हणाली. (गोकुळपेठ)

उत्तर: दोन्ही, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ॲपचं ओटीटी म्हणजे केबल आणि डिशच्या डोक्यावरून, इंटरनेटनं थेट येणारं. साडीचं ओटीटी पण ओव्हर द टॉपच, पण हे बोल पहिल्या महायुद्धात गाजले, खंदकाच्या काठावरून चढून सरळ गोळीबारात जायचं त्याला गोइंग ओव्हर द टॉप म्हणायचे. पुढं कुठलीही हद्द ओलांडणं, भडकपणा. मुलीला सांगा की तेव्हा सगळ्यांच्याच साड्या तशा होत्या.

प्रश्न: स्टेशनपासून धंतोलीला यायचे ऑटोवाल्यानं ३०० मागितले. मी एक्झॉर्बिटंट म्हणालो, तो म्हणाला इंग्रजीत शिव्या नका देऊ. बरोबर वापरला ना? (धंतोली)

उत्तर: अगदी बरोबर. हा शब्द मला फार आवडतो (इथं "झालं" बसत नाही, बघा). ऑर्बिटा म्हणजे गाडीच्या चाकानं मातीत पडलेली खोल रेघ, आपली चाकोरी. एक्झॉर्बिटंट म्हणजे चाकोरी सोडून गेलेला. आता मजा बघा, आपण मराठीत एखाद्याला चाकोरीबाहेरचा म्हटलं की तो कॉलर ताठ करतो, सत्काराच्या भाषणात तर हा शब्द असतोच, आणि इंग्रजीत तोच शब्द भाड्याला आणि बिलालाच चिकटून बसलाय. ऑटोवाल्याला चाकोरीबाहेरचा म्हणून बघा पुढच्या वेळी, कदाचित ५० कमी करेल.

प्रश्न: माझा नवरा दिवसाचे १४ तास लॅपटॉपवर असतो, वर अभिमानानं सांगतो मी वर्कहॉलिक आहे. वीकेंडला बिंज करतो, एका रात्रीत अख्खा सीझन. दोन्ही शब्द तो मेडल सारखे मिरवतो. हे कौतुकाचे शब्द आहेत का हो? (बेसा)

उत्तर: नाहीत हो, दोन्ही दारूचे आहेत.

वर्कहॉलिक हा शब्द वेन ओट्स नावाच्या एका अमेरिकन धर्मोपदेशकाच्या १९७१ सालच्या पुस्तकामुळं सगळीकडे गेला, आणि तो अल्कोहोलिक वरून मुद्दाम पाडलाय, म्हणजे ज्याला कामाचं व्यसन लागलंय, सुटत नाही, घरच्यांना त्रास होतो तो. निदान होतं ते, पदवी नव्हती. पण शब्द तोडताना भलत्याच जागी तोडला गेला. अल्कोहोल मुळात अरबी, अल-कुह्ल, आणि कुह्ल म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. सुरम्याची बारीक पूड, मग कुठलाही शुद्ध केलेला अर्क, मग दारूचा अर्क, असा तो घसरत आला. म्हणजे तुमच्या यजमानांच्या त्या "हॉलिक" मधे खरं तर अर्धवट तुटलेलं काजळ आहे. शॉपहॉलिक, चॉकोहॉलिक, सगळ्यांचं तेच.

बिंज हा इंग्लंडमधल्या खेड्यातला बोलीतला शब्द, लाकडी भांडं कोरडं पडून फटी पडल्या की ते पाण्यात भिजत घालायचे, फुगलं की गळत नाही, त्या भिजवण्याला बिंज. मग भिजून येणाऱ्या माणसाला, म्हणजे पिऊन. आता सिरीज. कॉलिन्स डिक्शनरीनं २०१५ साली बिंज-वॉच हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला तेव्हापासून त्याला प्रतिष्ठाच आली.

त्यांना सांगायचंच असेल तर यू आर ओव्हरडूइंग इट म्हणा, ते मायेचं आहे, जरा जास्तच करून राहिलात तुम्ही. ओव्हरकिल म्हणू नका, तो शीतयुद्धातला अणुबॉम्बचा शब्द, शत्रूला एकदा मारून झाल्यावर परत दहा वेळा मारता येईल एवढा साठा. तो एका पानाच्या कामाला ६० स्लाइडचं प्रेझेंटेशन करणाऱ्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न: सोन्याहून पिवळं याला गिल्डिंग द लिली म्हणता येईल का? (महाल)

उत्तर: बिलकुल नाही, उलट अर्थ होईल. शेक्सपिअरच्या किंग जॉन नाटकात शुद्ध सोन्याला मुलामा देणं आणि लिलीच्या फुलाला रंग लावणं अशी दोन वेगळी उदाहरणं आहेत, लोकांनी त्यांची खिचडी करून लिलीलाच मुलामा दिला. आणि तिथं तो त्याला हास्यास्पद उधळपट्टी म्हणतो. आपल्याला मात्र सोन्याहून पिवळं झालं तर आनंदच, पोरगी पास झाली आणि वर नोकरी लागली, सोन्याहून पिवळं. सोनं जास्त झालं अशी तक्रार मराठी माणसानं इतवारीत उभं राहून कधी केलीये का? आपल्याकडची तक्रार नाकापेक्षा मोती जड ही आहे, आणि तिचं गिल्डिंगशी थोडंफार जमेल.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. तिच्या शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलं, खूप आग्रह केला, मी नम्रपणे म्हणालो आय हॅव हॅड टू मच. सगळे एकदम शांत झाले आणि यजमान म्हणाले की तुम्हाला घरी सोडून देऊ का. मी तर फक्त लिंबूपाणी प्यायलो होतो. माझं काय चुकलं? (रिटायर्ड, लक्ष्मीनगर)

उत्तर: काका, व्याकरण एकदम शंभर टक्के बरोबर होतं, तेच तर झालं. हॅव हॅड टू मच एवढंच म्हटलं आणि पुढं कशाचं ते सांगितलं नाही, तर ऐकणारा दारूच समजतो. आपण "त्यानं घेतलीये" म्हणतो तेव्हा काय घेतली हे कोणी विचारतं का? टू मच फूड म्हटलं असतं तर वाचला असता, पण तेही यजमानाच्या टेबलावर बरं दिसत नाही, परत ते "झालं" येतं, जणू त्यांनीच जास्त केलं.

आय ॲम फुल म्हणा, पुरेसं आहे. पोरंटोरं स्टफ्ड म्हणतात, म्हणजे आपलं भरली वांगी झालो, ते तुम्ही म्हटलं तरी हसतील, वाईट नाही वाटणार. आणि ग्लासात कोणी ओतायला लागलं आणि "से व्हेन" म्हणालं तर घड्याळ बघून वेळ सांगू नका, माझ्या एका विद्यार्थ्यानं सांगितली होती, साडेआठ म्हणाला होता. तिथं उत्तर "व्हेन" एवढंच असतं. नाही आठवलं ऐनवेळी तर ग्लासावर हात आडवा धरा, ते तिकडे पण कळतं.